नव्या मुलीचा पगार

जालन्यात मंठा रोडवर पाइप आणि ठिबकच्या नळ्या विकणारं 'सगुणा इरिगेशन' नावाचं दुकान आहे. पुढं काउंटर, मागं गोडाऊन आणि दोन्हींच्या मध्ये काच लावून केलेलं छोटंसं ऑफिस. त्या ऑफिसात शालू सोळा वर्षं बसत आली होती. दुकान सोमेश्वर शेठचं, नाव त्यांच्या आईचं, पण भोकरदनपासून घनसावंगीपर्यंतचा शेतकरी आत आला की आधी विचारायचा, "ताई हायेत का?" बिलं, बँक, जीएसटी, मालाच्या गाड्या, ठिबकच्या अनुदानाच्या फायली, सगळं तिच्या टेबलावरून जायचं. कुणाचा सातबारा जोडायचा राहिलाय, कुणाच्या खात्याला आधार जोडलेलं नाही, हे तिला माणसाचा चेहरा बघूनच आठवायचं.

तिच्या हाताखालचा माणूस मात्र टिकत नव्हता. तीन वर्षांत चार आले आणि गेले. प्रत्येकाला तिनं बिल कसं फाडायचं इथपासून शिकवलं, आणि जरा हात बसला की तो दुसरीकडं हजार-दोन हजार जास्तीवर निघून गेला. चौथा गेला तो नेमका फेब्रुवारीत. ठिबकचा सीझन तोंडावर, टेबलावर फायलींचा ढीग, आणि फोन तर ठेवला की वाजायचा.

शेठनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"ताई, ह्या बारीला तुम्हीच माणूस निवडा. मला त्यातलं कळत न्हाई. आणि पगारही तुम्हीच सांगा काय द्यायचा. योग्य असेल ते सांगा, मी मधी बोलणार न्हाई."

"तुमच्या मनात किती आहे?"

"मी आपला नऊ धरून चाललोय. नवीन माणूस, शिकायलाच तर येतोय. नऊ बास."

शालूलाही तेव्हा ते बरोबरच वाटलं. ती स्वतः साडेतीन हजारांवर लागली होती.

पाच-सहा जण येऊन गेले. त्यातली प्रीती तिला पहिल्यापासून आवडली. मंठ्याची मुलगी, बी.कॉम. झालेली, जालन्यात राहून टॅलीचा कोर्स केलेली. शालूनं तिच्यापुढं मुद्दाम चुकीचा कर लावलेलं एक बिल ठेवलं. प्रीतीनं ते दुरुस्त केलं. मग एक अर्धवट फाइल दिली, तेव्हा पानं उलटून ती म्हणाली, "मॅडम, ह्यात काय काय लागतं ते मला माहीत न्हाई. एकदा सांगितलं तर यादी करून घेईन." येत नाही ते येत नाही म्हणणारी माणसं शालूनं कमीच पाहिली होती. तिनं मनातल्या मनात नाव पक्कं केलं आणि शेवटचा प्रश्न म्हणून विचारलं, "पगाराची काय अपेक्षा आहे?"

"चौदा हजार."

शालूला वाटलं आपण ऐकताना चुकलो.

"किती?"

"चौदा, मॅडम."

शालूचा स्वतःचा पगार साडेचौदा हजार होता.

तिनं पाण्याचा घोट घेतला. "कशावरून चौदा? कुणी सांगितलं तुला?"

"आमच्या टॅलीच्या बॅचचा ग्रुप आहे मोबाइलवर. जो कामाला लागतो तो तिथं लिहितो, कुठं लागलो, काम काय, पगार किती. जालन्यात असल्या कामाला सुरुवातीला कोण बारा देतंय, कोण पंधरा. नऊ-दहावर गेलेले बहुतेक सोडून गेले. तुमच्याकडं अनुदानाच्या फायलींचं काम जास्तीचं आहे. शिवाय मंठ्याहून येण्याजाण्याचा खर्चा."

"तुझ्या येण्याजाण्याचा खर्चा शेठनी कशाला बघायचा?"

प्रीतीनं जरा विचार केला. "बराबर आहे. तो सोडून दिला तरी मी चौदाच म्हणते."

"आणि पगार असे सगळ्यांदेखत लिहिता तुम्ही? लाज न्हाई वाटत?"

हे वाक्य शालूच्या तोंडून निघून गेलं खरं, पण आपण हे का बोललो ते तिलाच कळलं नाही. प्रीतीही रागावली नाही. तिला प्रश्नच समजला नसावा. "कशाची?" एवढंच तिनं विचारलं.

शालू म्हणाली, "कळवते."

घरी आल्यावर तिचं कशातच लक्ष लागेना. भाजीत मीठ दोनदा पडलं. नवरा शिवाजी एका स्टीलच्या कारखान्यात वजनकाट्यावर होता. तो घरी येऊन हातपाय धुऊन बसला तेव्हा तिनं सगळं त्याच्यासमोर ओतलं.

"काल कॉलेजातून बाहेर पडलेली पोरगी! अनुदानाची फाइल कशाशी खातात माहीत न्हाई. आणि चौदा म्हणती. असं म्हणाली जशी काय भाजीचा भाव सांगून राह्यली."

शिवाजी शांतपणे जेवत होता. "मंग तू किती म्हणलीस?"

"मी काय म्हणणार? कळवते म्हणले."

"तिचा चौदा जास्तीचा आहे का?"

"न्हाई तर काय!"

"का जास्तीचा आहे?"

ह्यावर तिच्याकडं उत्तर होतं, पण ते तोंडावर येईना. जास्तीचा आहे, कारण माझा साडेचौदा आहे. असं म्हटलं असतं तर शिवाजीनं पुढचा प्रश्न विचारला असता. आणि तो प्रश्न तिनं सोळा वर्षं कुणाला विचारू दिला नव्हता, स्वतःलाही. पगार किती हे नवऱ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. पुण्याची नणंद शीतल विचारायची तेव्हा ती "बरा आहे" म्हणून विषय बदलायची. दिवाळीला शेठ पाचशे-हजार वाढवायचे, साडी द्यायचे, मिठाईचा डबा द्यायचे; ती हातात घेऊन "थँक्यू शेठ" म्हणायची. मागायचं असतं हे तिच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. आपलं काम बघून मालक आपोआप देतो, न दिलं तर आपलं काम तेवढ्याचंच असेल, असा तिचा हिशोब.

दुसऱ्या दिवशी बँकेत गर्दी होती. तिथं तिला अक्षता भेटली. अक्षता एका बियाणे कंपनीत अकाउंट्स बघायची. बँकेच्या रांगेतच दोघींची ओळख झाली होती आणि तिथंच ती वाढली होती. एकमेकींची बाळंतपणं, सासवांची दुखणी, पोरांचे मार्क, सगळं त्या रांगेत बोलून झालं होतं. पगार सोडून.

चेक भरून दोघी बाहेर आल्या. शालूनं तिला कोपऱ्यातल्या टपरीवर चहाला नेलं आणि चहा अर्धा होईपर्यंत नुसता कप हातात फिरवत राहिली.

"काय झालं गं?" अक्षता म्हणाली. "घरी काही?"

"न्हाई. एक विचारायचं होतं. राग मानू नको."

"बोल की."

"तुला पगार किती आहे?"

अक्षता आधी हसली. मग शालूचा चेहरा बघून तिचं हसू थांबलं. तिनं इकडंतिकडं पाहिलं, जणू काही चोरीचा माल दाखवायचाय, आणि हळूच म्हणाली, "तेवीस."

शालूनं कप खाली ठेवला.

"तुझा?"

शालूनं सांगितलं. अक्षता म्हणाली, "अगं, मी दर वर्षी भांडते म्हणून तेवीस आहे. मला वाटायचं तुझा माझ्यापेक्षा जास्ती असेल. तू सगळं दुकान चालवतीस. तुझ्यापुढं आपला आकडा कमी पडेल म्हणून मी कधी विचारलं न्हाई."

"आणि नवीन पोरीला काय देता तुमच्याकडं?"

"तेरा-साडेतेरा. काम येत असेल तर पंधरापर्यंत जातात."

परत येताना शालू जीएसटीचं काम बघणाऱ्या सल्लागाराच्या ऑफिसात डोकावली. नऊवर नवीन माणूस ठेवला तर चालेल का, असं तिनं दुसऱ्याच कुणासाठी विचारतेय अशा सुरात विचारलं. त्यानं मान वर न करता सांगितलं, "नऊवर माणूस ठेवू नका मॅडम, सरकारनं ठरवलेलं किमान वेतनच त्याच्या वर आहे. उद्या कुणी तक्रार केली तर शेठना महागात पडेल."

दुकानात येऊन ती टेबलाशी बसली. आता तिला सगळं कळलं होतं, आणि तिथंच खरी अडचण होती. प्रीतीचा आकडा रास्त होता. शेठना तो योग्य म्हणून सांगायचा, तर त्याच वाक्याच्या पोटात दुसरं एक वाक्य होतं, आणि ते तिच्या स्वतःबद्दल होतं. नऊ म्हणून टाकलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. पोरगी गेली असती, दुसरी आली असती, पुन्हा शिकवणं, पुन्हा सोडून जाणं. आपण साडेतीनवर लागलो तेव्हा आपल्या बाजूनं कोण बोललं होतं, असा एक कडवट विचारही तिच्या मनात येऊन गेला. तो तिला आवडला नाही. तासभर तिनं बिलं केली आणि मग उठून केबिनमध्ये गेली.

"शेठ, ती मंठ्याची मुलगी घ्यावी म्हणते. प्रीती. आणि तिला चौदा द्यावेत."

शेठ मोबाइलवर काहीतरी बघत होते. त्यांनी तो बाजूला ठेवला. "चौदा?"

"तुम्हीच म्हणलात, योग्य काय ते सांगा. मी चार ठिकाणी विचारून आले. जालन्यात हाच भाव चाललाय. नऊ तर कायद्यातही बसत न्हाई, सल्लागार म्हणाले."

"ताई, तुमचा पगार किती आहे?"

"साडेचौदा."

"मंग?"

केबिनमध्ये येताना तिला वाटलं होतं की ही वेळ आली तर आपला आवाज कापेल. तो कापला नाही.

"तेच म्हणून राह्यले, शेठ. मंग?"

शेठ आधी हसले. मग त्यांना ते हसणं जमेना. "त्या पोरीनं शिकवलं का तुम्हाला हे?"

"तिनं तिचा आकडा सांगितला. माझा मी मोजला."

"मी तुम्हाला कधी परकं मानलं का? माझी आई तुम्हाला लेक म्हणते. तुमच्या घरी दुखलंखुपलं तर गाडी पाठवली मी."

"पाठवलीत. ते मी विसरले न्हाई, विसरणारही न्हाई. पण शेठ, पाइपाचा भाव वाढला की तुम्ही कंपनीवाल्याला घरचा म्हणून जुना भाव देत न्हाई."

हे जरा जास्तच झालं असं तिला लगेच वाटलं. शेठचा चेहरा उतरला. "बघतो," म्हणून त्यांनी फोन उचलला, आणि ती बाहेर आली. पुढचे काही दिवस ते कामापुरतंच बोलत होते. चहा आला की नेहमी "ताईंना द्या आधी" म्हणायचे, तेही बंद झालं. शालूला रात्री झोप लागेना. शिवाजी म्हणाला, "काढलं कामावरून तर काढलं. अक्षताच्या कंपनीत विचारू." त्याचं ते म्हणणं तिला तेव्हा पगारापेक्षाही मोठं वाटलं.

तेवढ्यात शेठच्या मेहुण्यानं एक मुलगा पाठवला. नाव कल्याण, आठ हजारांवर यायला तयार. शेठनी त्याला शालूकडं धाडलं आणि काचेतून बघत बसले. शालूला समजलं, हे तिच्यासाठीच उत्तर आहे.

कल्याण दिसायला उमदा, उंच, बोलायला नम्र. शालूला त्याच्यावर राग काढायचा नव्हता. तिनं त्याला पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "आठवर येतोस म्हणे. किती दिवस राहशील, खरं सांग."

तो लाजला. "खरं सांगू का ताई? मी पोलीस भरतीची तयारी करून राह्यलो. रोज सकाळी ग्राउंड असतंय. भरती निघाली की मी जाणार. तवर खर्चाला दोन पैसे पाहिजेत, म्हणून शेठचे मेहुणे म्हणले, जा."

"कॉम्प्युटर?"

"येतो थोडा. मोबाइलवर सगळं येतंय."

शालूला हसू आलं. "हेच्यातलं एक अक्षर न बदलता शेठना सांगशील? काही होत न्हाई, रागवत न्हाईत ते."

तो आत गेला. शालूनं काचेतून पाहिलं. तो हात मागं बांधून बोलत होता, आणि शेठची मान हळूहळू खाली जात होती. मग शेठनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, भरतीला शुभेच्छा दिल्या असाव्यात, आणि त्याला दारापर्यंत सोडलं.

त्याच दुपारी जांब समर्थकडचे दोन शेतकरी आले. त्यांच्या अनुदानाच्या फायली अडकून पडल्या होत्या. शालू बँकेत होती, म्हणून शेठनी स्वतःच कॉम्प्युटर उघडला. ती परत आली तेव्हा तिच्या खुर्चीत शेठ, त्यांच्या कपाळावर घाम, स्क्रीनवर लाल अक्षरं, आणि शेतकरी दोन्ही बाजूंनी त्यांना सल्ले देत होते. शालूनं त्यांना उठवलं आणि दहा-पंधरा मिनिटांत दोघांचं काम करून दिलं. शेठ बाजूला उभं राहून बघत होते. शेतकरी गेल्यावर ते तिथंच टेबलाला टेकले. केबिनमध्ये गेले नाहीत.

"चार माणसं गेली आपली तीन वर्षांत," ते म्हणाले. "न्हाई का?"

"चार."

"आणि दरवेळी तुम्हीच शिकवलं."

"मीच."

शेठनी काचेवरची धूळ बोटानं पुसली. "बोलवा त्या पोरीला. तेरा सुरुवातीला, सहा महिन्यांनी चौदा. ह्याच्या वर मला आज जमणार न्हाई ताई, खरंच न्हाई. गोडाऊनचं काम काढलंय."

"विचारते तिला. आणि माझं?"

"तुमचं दिवाळीला बघू की."

"दिवाळीला न्हाई, शेठ. तिचं ज्या दिवशी लिहाल त्याच दिवशी माझंही लिहा."

शेठनी तिच्याकडं पाहिलं. सोळा वर्षांत त्यांनी हे माणूस नीट बघितलंच नव्हतं असं त्यांच्या नजरेत होतं, राग नव्हता. "किती?"

"बावीस."

"वीस. पुढच्या महिन्यापासून. आणि एप्रिल उलटला की पुन्हा बसू, तेव्हा तुम्ही म्हणाल ते ऐकीन. सगळंच मान्य करीन असं न्हाई म्हणत. ऐकीन."

अक्षताच्या तेवीसपेक्षा ते कमीच होतं. पण मागून मिळालेला हा तिचा पहिला आकडा होता. ती म्हणाली, "चालेल. लिहून द्या."

"लिहून?" शेठ हसले, ह्या वेळी मनापासून. "द्या टाइप करून. सही करतो."

शालूनं प्रीतीला फोन लावला. तेरा, मग चौदा, असं सांगितलं.

"मॅडम, सहा महिन्यांनी चौदा, हे लिहून देतील का?"

"का गं? माझ्या शब्दावर भरवसा न्हाई?"

"तसं न्हाई मॅडम. माझे वडील विनाअनुदानित शाळेवर शिक्षक होते. 'पुढं बघू' म्हणले होते त्यांना. त्या 'पुढं'ची वाट बघता बघता त्यांचे केस पांढरे झाले. मी घरातून निघताना त्यांनी एवढंच सांगितलं, जे ठरेल ते कागदावर घे." मग ती घाईनं म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर—"

"वाईट काय वाटायचं? बराबर सांगितलं त्यांनी," शालू म्हणाली. "मी स्वतः टाइप करून ठेवते. सोमवारी ये."

फोन ठेवता ठेवता ती थांबली. "आणि ऐक. तुला ठाऊक असू दे, मला आजवर साडेचौदा होते. पुढच्या महिन्यापासून वीस होणार."

हे आपण का सांगितलं ते तिला नंतरही नीट सांगता आलं नसतं. सांगितल्यावर छाती हलकी झाली, एवढं मात्र खरं.

प्रीती म्हणाली, "ताई, तुम्हाला वीसपण कमीच आहेत."

शालू इतकी मोठ्यानं हसली की काउंटरवरच्या गिऱ्हाइकानं मागं वळून पाहिलं.

सोमवारी प्रीती पहिल्या बसनं आली. तिच्यासाठी टेबल होतं, पण त्यावर पाइपांचे नमुने, जुनी कॅलेंडरं आणि फिल्टरची खोकी रचलेली होती. दोघींनी मिळून ती गोडाऊनमध्ये नेऊन टाकली, टेबल ओल्या फडक्यानं पुसलं, आणि शालूनं आपल्या टेबलावरच्या फायलींतून वरच्या दहा उचलून तिकडं ठेवल्या. शेठनी केबिनचं दार उघडून हाक मारली, "चहा आलाय, घ्या दोघी आधी."

चहा पिता पिता प्रीतीनं पहिली फाइल उघडली आणि पेन काढलं.

"सांगा ताई, ह्यात काय काय लागतं?"

शालूनं खुर्ची जवळ ओढली आणि सातबाऱ्यापासून सुरुवात केली.